लोणंदचा पाट

तात्या गेल्याचा फोन मला सांगलीच्या एसटी स्टँडवरून आला. नंबर तात्यांचाच होता, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "तात्या, तास चालू आहे, मधल्या सुट्टीत करते." पलीकडून अनोळखी आवाज आला, "मॅडम, हा फोन ज्यांचा हाय ते आजोबा बाकावर बसल्या बसल्या गेले बघा. फोनात तुमचं नाव दिसलं म्हणून लावला." दसऱ्याला आठवडा उरला होता. मी खडू ठेवला, वर्गाला वाचत बसायला सांगितलं आणि स्टँडवर गेले. साताऱ्याकडच्या गाड्या लागतात त्या फलाटावरच्या बाकावर तात्या मान खाली घालून बसले होते. पायाशी पिशवी, पिशवीत धुतलेले दोन कपडे आणि रक्तदाबाच्या गोळ्या. कुठं निघाला होता हा माणूस, मला न सांगता? रडू बऱ्याच वेळानं आलं. आधी आला तो राग, आणि पाच आठवडे होत आले तरी तो गेलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, असं मला चौघांनी सांगून झालंय. त्या चौघांनी स्वतः लिहावं.

तात्या म्हणजे हणमंत, माझे चुलते. माझे वडील महादेव, त्यांना आम्ही आबा म्हणतो. आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. घरटी एक माणूस फौजेत आणि बाकीचे उसात, अशी तिथली रीत. हे दोघं सख्खे भाऊ एकाच पलटणीत भरती झाले आणि एकाहत्तरच्या लढाईला एकत्र गेले. तेव्हा आबा बावीस वर्षांचे होते, तात्या एकोणीसचे. गावात आजही या गोष्टीचं फार कौतुक आहे. तात्यांच्या तेराव्याला ग्रामपंचायतीसमोर शोकसभा झाली. त्यासाठी चौकात फ्लेक्स लावला होता. त्यावर तात्यांच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो दुप्पट मोठा. तो पुढारी माईक हातात घेऊन म्हणाला, "राम-लक्ष्मणाची जोडी आज फुटली." समोर पहिल्या खुर्चीवर आबा फेटा बांधून बसले होते. माईक त्यांच्यापुढं धरला तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला. लोकांना वाटलं, गहिवरलेत. सभेतला प्रत्येक माणूस जाणून होता की ही जोडी पन्नासहून जास्त वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेली नाही. एकानंही ते म्हटलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

हा अबोला कशावरून, ते सांगते. लढाईला निघताना माझ्या आजीनं थोरल्याला, म्हणजे आबांना, भैरोबाच्या पायरीवर हात ठेवायला लावला होता. "धाकल्याला नजरंआड करू नगंस," एवढंच तिचं मागणं. आबांनी ते मनावर घेतलं आणि वरिष्ठांच्या मागं लागून भावाला आपल्याच तुकडीत आणलं. मशीनगन दोघांनी मिळून चालवायची असायची. एकानं झाडायची, दुसऱ्यानं शेजारी पडून गोळ्या भरून द्यायच्या. आबा झाडायचे, तात्या भरून द्यायचे. त्यांच्या तुकडीत लोणंदचा सदाशिव नावाचा एक पोरगा होता, तात्यांच्याच वयाचा. तात्या आणि सदा एका ताटात जेवायचे आणि एका कांबळ्यात झोपायचे. एके दिवशी हुकूम आला की उद्या उजाडताना पुढचं ठाणं घ्यायचं आहे. सुभेदारसाहेबांनी विचारलं, "सगळे तंदुरुस्त?" आबा म्हणाले, "साहेब, धाकट्याला ताप हाय." तात्यांना ताप नव्हता. तात्या तिथं नव्हतेही, पाणी आणायला गेले होते. परत आले तर हुकूम मिळाला, तू मागं लंगरपाशी, स्वयंपाकाच्या तंबूजवळ थांब, रेशनवर पहारा दे. कारण विचारायची पद्धत फौजेत नसते. तात्यांच्या जागी आबांच्या शेजारी सदा पडला... आणि उजाडल्यावर तासाभरात तिथंच संपला. आबांपासून हातभर अंतरावर.

तात्यांना हे ठाऊक नव्हतं. लढाई संपली, दोघं सुट्टीवर गावी आले. आजीनं पुरणपोळ्या केल्या, भावकी जेवायला बोलावली, वेशीपासून वाजवत आणलं. आणि भर पंगतीत आबा आईला म्हणाले, "तुझा शब्द पाळला बघ. साहेबाला म्हनलं, ताप हाय ह्याला. न्हाईतर त्या सदाच्या जागी ह्योच हुता." सगळी पंगत वा वा करायला लागली. आजीनं आबांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला, उठून हात धुतले आणि दारात उभं राहून विचारलं, "मला ताप हुता व्हय?" आबा हसले. तात्यांनी पुन्हा विचारलं. आबा म्हणाले, "जित्ता हायस न्हवं? मग झालं की." हे दोघांमधलं शेवटचं बोलणं. सुट्टी अर्धी टाकून तात्या पलटणीत परत गेले आणि त्यांनी दुसऱ्या कंपनीत बदली मागून घेतली.

यातलं काहीच मी पाहिलेलं नाही, माझा जन्म त्यानंतरचा. मी पाहिलं ते पुढचं सगळं, आणि माझा राग त्या पुढच्यावर आहे. मला बोलता येऊ लागल्यापासून मी या दोघांचं टपाल आहे. आबा लवकर फौज सोडून शेतीला लागले होते. तात्या सुट्टीला आले की एकाच पडवीत दोघं चार हातांवर बसायचे आणि मध्ये मी. "शाले, त्याला सांग, उसाला पाणी सोडलंय, सकाळी बंद करायला जा." मी मान वळवून सांगायची, "तात्या, उसाला पाणी सोडलंय." तात्या, जसं काही आत्ताच ऐकलं, "तुझ्या बापाला सांग, जातो." पाहुण्यांना हसू यायचं, मलाही मजा वाटायची. आठव्या-नवव्या वर्षी मजाच वाटते. एकदा आजीच्या सांगण्यावरून मी मोठा निरोप नेला होता. आजी आजारी होती, तिला दोघांना बोलताना बघायचं होतं. तात्यांना विचारलं, काय केलं म्हणजे बोलाल? तात्या म्हणाले, "त्यानं म्हनावं, ताप न्हवता, म्या खोटं बोललो. एवढंच म्हनावं." मी धावत पलीकडं गेले. आबा कोयता पाजळत होते. वर न बघता म्हणाले, "त्याला सांग, भावाचा जीव वाचवला त्याची माफी मागत न्हाईत." मी परत आले, सांगितलं. तात्यांनी मान हलवली आणि माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले. आजी त्याच उन्हाळ्यात गेली. दोन वाक्यं बोलायची होती तिच्या लेकांनी, तेवढंही त्यांच्याकडून झालं नाही. आणि मी शेंगदाणे खात बसले होते, त्याचाही मला राग येतो.

तात्या नाईक म्हणून निवृत्त झाले. काकूंना घेऊन दोन-तीन वर्षं गावात काढली, मग कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतशाळेच्या फाटकावर नोकरी धरली आणि तिथंच खोली घेतली. मूलबाळ नव्हतं. मी लग्न होऊन सांगलीत आले, शिक्षिका झाले आणि माझं घर टपाल कचेरी झालं. दर रविवारी तात्या लुनावरून यायचे. गणवेशाची घडी मोडू न देता खुर्चीच्या टोकावर बसायचे, चहा प्यायचे, आपली कपबशी आपणच विसळून पालथी घालायचे. माझ्या मुलांना त्यांनी बुटाला पॉलिश करायला शिकवलं, गादीची चादर ताणून घालायला शिकवलं. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा हा माणूस अकरा दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसून होता आणि "काय लागलं तर हाक मार" याच्यापलीकडं एक वाक्य बोलला नाही. असा माणूस. आणि निघताना दारात चपला घालताना हमखास, "गावाकडं गेलीस तर तुझ्या बापाला सांग..." गुडघ्याला अमुक तेल लाव. बांधावरची बाभळ तोडू नको. तुझ्या वाट्याचा ऊस यंदा आधी कारखान्याला घाल, माझं काही अडलेलं नाही. अशी काळजी करायची, पण माझ्या तोंडून. काकू वारल्या तेव्हा आबा कुपवाडला आले होते. खोलीबाहेर दिवसभर उभे राहिले, माणसांना पाणी दिलं, लाकडाची व्यवस्था बघितली आणि परतताना मला म्हणाले, "त्याला सांग, जेवत जा म्हणावं." तात्या तीन फुटांवर होते.

तुम्हाला हे हृद्य वाटत असेल. लोकांना वाटतं. आमच्या शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे ऐकून. मला विचाराल तर हा निव्वळ माज होता, दोघांचाही. मरण हातभर अंतरावरून बघून आलेली माणसं, आणि त्यांना वाटत होतं की वेळ आपल्या मालकीचा आहे. पंधरा ऑगस्टला गावची शाळा दोघांना बोलवायची. मध्ये हेडमास्तर आणि दोन टोकांना हे दोघे, छातीवर पदकं लावून. पोरांना सांगायचे, सैन्यात एकजूट कशी असते. मी खाली बसून ऐकायची आणि दातओठ खायची.

तात्यांच्या सबंध वर्षात एक दिवस मात्र ठरलेला होता. भाऊबीजेला तात्या कुठल्याही परिस्थितीत लोणंदला जायचे. सदाला एक धाकटी बहीण होती, यमुना. सदा गेला तेव्हा दहा-बारा वर्षांची असेल. सदाच्या बापानं रेल्वेत हमाली करून घर चालवलं होतं आणि सदाच्या पगारावर त्यांची मोठी भिस्त होती. लढाईनंतरच्या पहिल्या भाऊबीजेला तात्या त्या घरी गेले आणि म्हणाले, सदाच्या पाटावर मला बसवा. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. फौजेत असताना सुट्टी त्या हिशेबानं घ्यायचे. यमुनाताईंचं लग्न गावातच झालं, त्यांना नातवंडं झाली, तरी हे जातच राहिले. एकदा मी विचारलं होतं, "त्यांना खरं काय ते माहीत आहे का?" तात्या म्हणाले, "तू चहा टाक." मी चहा टाकला. आबांसमोर लोणंद हा शब्द कुणी काढायचा नसतो. गाडीनं पुण्याला जाताना ते स्टेशन आलं की आबा डोळे मिटून घ्यायचे, मी दोनदा पाहिलंय.

आता शेवटच्या रविवारचं. तात्या जाण्याआधी आठ दिवस. चहा झाला, कपबशी विसळून झाली, चपला घालताना ते नेहमीसारखे म्हणाले, "शाले, तुझ्या बापाला एक सांगायचं हुतं." त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळीच आबांचा फोन येऊन गेला होता, त्याला सांग, बांधावरची बाभळ पडली. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, आणि रविवारच्या माझ्या एका सुट्टीत दोन म्हाताऱ्यांच्या बाभळीचे निरोप देत होते. मी म्हणाले, "मी नाही सांगणार, तात्या. आजपासून बंद. जे असेल ते आपल्या तोंडानं सांगा. जमत नसेल तर राहू द्या." तात्यांनी चपलेचा पट्टा ओढून बसवला. मग म्हणाले, "बरोबर हाय तुझं." आणि गेले. जिन्यावरून उतरताना कठड्याला धरत होते, ते मी पाहिलं. मी हाक मारली नाही... काय सांगायचं होतं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

तेराव्यानंतर आबांना मी हे सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "काय सांगायचं हुतं त्याला?" मी म्हणाले, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी सांगलीला परत आले तर रोज सकाळी फोन, "काय आठवलं का गं? कशाबद्दल असंल?" एकदा माझाही तोल गेला. म्हणाले, "पन्नास वर्षं तो माणूस तुमच्यापुढं होता. तेव्हा विचारायचं होतं." आबांनी फोन ठेवला. मी दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फोनची वाट बघत बसले.

धनत्रयोदशीच्या दिवशी तात्यांचा फोन वाजला. तो माझ्याकडंच होता, का कुणास ठाऊक मी तो रोज चार्ज करत होते. पलीकडं बाईमाणूस, "दादा, ठरलं का तुमचं?" लोणंदच्या यमुनाताई. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. फ्लेक्स छापायचं लक्षात राहिलं सगळ्यांच्या, पण जिच्या घरी हा माणूस भाऊ म्हणून बसत होता तिला एक फोन करायचं माझ्यासकट एकाच्याही लक्षात आलं नाही. मी सांगितलं. त्यांनी आधी तारीख विचारली. मग त्या म्हणाल्या, "दसऱ्याच्या आधी फोन केलता त्यांनी. म्हनले, यंदा म्हादूला घेऊन येतो. आधी गावाकडं जातो, त्याच्याशी बोलतो. शालीनं सांगितलंय, आपल्या तोंडानं सांगायचं."  पायाशी ठेवलेली ती पिशवी, धुतलेले दोन कपडे. तात्या कराडला उतरणार होते. माझं ऐकून निघाले होते.

मी त्याच दिवशी गावी गेले आणि आबांना शेवटचा निरोप दिला, "तात्या म्हणालेत, यंदाच्या भाऊबीजेला तुम्ही लोणंदला यायचं." आबा उठून आत गेले. घरात दुखवट्याची दिवाळी, ना कंदील ना फराळ. पण भाऊबीजेला सकाळी बघते तर आबा कोट घालून पडवीत तयार. कराडहून आम्ही दोघं रेल्वेनं निघालो. वाटेत ते ओठ हलवत होते. काय म्हणताय विचारलं तर म्हणाले, "त्या पोरीम्होरं काय बोलायचं, ते जुळवतोय." ती पोरगी आता पासष्टीची आहे, हे मी सांगितलं नाही.

यमुनाताईंचं घर स्टेशनच्या मागच्या आळीत, दोन खोल्यांचं. आत गेलो तर जमिनीवर रांगोळी घातलेली आणि दोन पाट मांडलेले. आबा उंबऱ्यातच थांबले. "बाई," ते म्हणाले, "आधी ऐका. मग बसवायचं का न्हाई ते ठरवा. तुमचा भाऊ जिथं गेला, तिथं माझा भाऊ असायचा. म्या साहेबाला..." यमुनाताईंनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "आवं, ते मला ठावं हाय. पयल्या साली हणमंतदादांनी आईच्या पायाशी बसून समदं सांगितलं. आई म्हनली, सख्ख्या भावाला कोन पुढं घालंल? तुझ्या भावालाबी घेऊन ये, आमच्या मनात काय न्हाई. दर साली दोन पाट मांडतो आमी. दर साली इचारायचे, ते का न्हाई आले? दादा म्हनायचे, त्याला येळ न्हाई."

त्याला वेळ नाही. म्हणजे आबांना बोलावणं होतं, पहिल्याच वर्षापासून, आणि तात्यांनी ते पोचवलंच नाही. तेल, ऊस, बाभळ, सगळे निरोप माझ्या हाती दिले आणि हा एकच खिशात ठेवला. भावाला ताप आहे हे एकाचं खोटं आणि भावाला वेळ नाही हे दुसऱ्याचं. आबा त्या स्टेशनवर डोळे मिटून घेत होते आणि इकडं त्यांच्यासाठी पाट मांडलेला होता. मला त्या घरात उभ्या उभ्या तात्यांचा इतका राग आला की ते समोर असते तर मी त्यांना वाट्टेल ते बोलले असते. ते समोर नव्हते, हाच तर सगळा राग आहे.

यमुनाताईंनी आबांना उजवीकडच्या पाटावर बसवलं. म्हणाल्या, "ह्यो तुमचा. डावीकडचा दादांचा." कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. मग तशाच डावीकडं वळल्या आणि रिकाम्या पाटालाही कुंकवाचं बोट लावलं. पाटाचा मधला भाग बसून बसून गुळगुळीत झालेला होता. आबा त्याच्याकडं बघत राहिले. ते आता काहीतरी बोलणार, हे मला त्यांच्या हनुवटीवरून कळलं, आणि सवयीनं मी पुढं सरकले. माझ्या कानांना वाटलं, त्याला सांग. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. एक हात टेकून ते डावीकडं वळले.

"हणमा," ते म्हणाले, "ताप न्हवता तुला. म्या खोटं बोललो."